सोलरवाला छतावर, मी सोफ्यामागे

आमच्या अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या घराला सोलर कोणाकडून बसवलं, असं सगळे विचारतात ना, तर ऐकाच.

दोन कंपन्यांची कोटेशन्स आली होती, पण नवरा अडून बसला होता, "ओळखीतलाच माणूस हवा. उद्या छत गळलं तर धरायचं कोणाला?"

तिसरा, मी ईमेल करून बोलावलेला गावातलाच गॅरी, मंगळवारी छत बघायला येणार होता. मी वारच विसरले. बेल वाजली, पडद्याआडून एक धिप्पाड दाढीवाला दिसला आणि मी घरात कुणीच नसल्यासारखी सोफ्यामागे लपले. पाच मिनिटांनी डोक्यावर धाडधाड पावलं! मी रडत रडत ९११ फिरवला.

पोलीस आला तशी मी बाहेर आले. तो वर बघून ओरडला, "गॅरी, तू?"

"अरे, या बाईंनीच बोलावलंय!"

मी चाचरत पोलिसाला विचारलं, "तुम्ही ओळखता यांना?"

"माझ्या घराचं सोलर यानेच केलंय. छत थेंबभरही गळलं नाही."

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "गॅरी फायनल. चौकशी केली मी, माणूस चांगला आहे."

"तू? तू तर पिझ्झावाल्यालाही फोन करत नाहीस! कोणाला केलास?"

म्हटलं, "पोलिसांना."