मागच्या उतारावरचा पाला

—चिठ्ठी राहू द्या डॉक्टर, शुद्धलेखन माझं कच्चं आहे, सातवीतच शाळा सोडली मी — पण तोंडानं सांगायला गेलो की भीतीनं वाचाच बसते, म्हणून तुम्ही यायच्या आधी लिहून ठेवलं होतं. साधंच लिहिलंय, चुकलं असेल तर माफ करा. हळू — त्या मेंढीच्या कानाला हात नका लावू, कळवळते ती. बघा ना कान केवढे सुजलेत, आणि नाकावरची कातडी सालीसारखी निघतेय. आधी नुसती डोकी झटकायच्या, एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसायच्या. वाटलं, माश्या. मग वाटलं, खरूज. नुकतीच लोकर कातरली होती ना, आणि दाजी शहरात कामावर परत जाताना बजावून गेले होते — खरूज दिसली तर औषध चोळायचं आणि कडक उन्हात बांधायचं, ऊन सगळं मारतं. मी बांधल्या. तीन दिवस. सावलीकडे ओढ घ्यायच्या, तर मी दोर आणखी आखूड केला.

काय? ऊनच? थांबा — विषारी पाल्यानं यकृत बिघडतं — यकृत म्हणजे कलेजीच ना? — आणि मग ऊन लागलं की कातडी भाजते? म्हणजे मी औषध म्हणून... तरीच डोळे असे पिवळेधमक! तरीच ती काळी ठणठणीत आहे, काळ्या कातडीला ऊन भाजत नसेल — खाल्लं तर सगळ्यांनी एकत्रच.

घाणेरी? खाल्ली असेल थोडी. नाही — खाल्ली, भरपूर खाल्ली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मागच्या उतारावर घाणेरी माजलीये, तिकडे फिरकू नकोस, हेही दाजींनीच सांगितलं होतं. पण पुढच्या वाटेवर पिठाची गिरणी आहे, तिथे चारचौघं बसलेले असतात. मी दिसलो की, ‘काय मास्तर, आज कितवीचा वर्ग?’ — मेंढ्यांना माझे विद्यार्थी म्हणतात. एक जण तर हजेरी घेतो. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण मला तिथून जाववत नाही. म्हणून मागून नेल्या, आठ दिवस. गवत वाळलेलं, हिरवं काय ते तेवढंच — भुकेल्या तोंडाला कडू काय नि गोड काय!

अंधारात ठेवू? हो, शेडच्या खिडकीला पोती लावतो, आत्ता लावतो. वाचतील ना या चार? तुम्ही मान हलवलीत ती हो म्हणून, की नुसतीच? दाजींचा पगार तिकडेच संपतो हो, घर चालतं ते या मेंढ्यांवर. आणि ताई मला भाऊ नाही, लेक समजते. कुणी काही म्हणालं की म्हणते, माझा भाऊ गरीब आहे, पण खोटं बोलत नाही.

चिठ्ठीत आजारी चार लिहिल्यात ना? पाच होत्या. थोरली पांढरी काल संध्याकाळी बसली ती उठलीच नाही. आज सकाळी ताई उठायच्या आत मी तिला ओढत मागे नेलं, पुरलं, वर दगड रचले. मग दोर कापून ताईला दाखवला. म्हणालो, पळाली. ताई तशीच निघाली शोधायला, अनवाणी. मी म्हणालो, मीही येतो. तर म्हणाली, तू राहा, डॉक्टर यायचेत — आणि रडतोस काय वेड्या, सापडेल ती.

मी राहिलो.