थांब म्हणायचं राहून गेलं

...आणि वर मलाच विचारतात, घशाला काय झालं म्हणून! आता तुम्हीच सांगा, ज्या बाईनं उमेदीची सगळी वर्षं आवाज न करता चालण्यात घालवली, तिला एक दिवस कुणी म्हणालं, पाय आपट, अजून आपट, जमिनीला कळू दे तू आलीस ते... तर तिनं काय करावं? आमच्या वॉर्डात पाय वाजला की मोठ्या सिस्टर डोळे वटारायच्या. पेशंटला नुकता डोळा लागलेला असतो, कुणाची भूल उतरत असते, कुणाचे टाके ओढत असतात. मी रबरी तळव्यांच्या चपला घालून अशी जायची की लोकांना वाटायचं, सलाइनची बाटली आपोआपच बदलली. आणि आवाज म्हणाल तर तो मी कधी वापरलाच नाही. 'जरा कुशीवर वळता का... हं, असं... झालं झालं, मुंगी चावेल एवढंच.' एवढ्यावर माझी नोकरी चालली होती हो, आणि छान चालली होती!

पण थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. मी नर्स, साध्या इस्पितळातली. आणि बाबांचं इस्त्रीचं दुकान. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत आम्ही. त्यामुळे आमच्या घरात कायम दुसऱ्यांचे कडक कपडे आणि आमचे चुरगळलेले. तर मी शाळेत असताना दुकानात एकदा एका लष्करी नर्सबाईंचा गणवेश आला. बाबांनी इस्त्री करून खुंटीला टांगला. खांद्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर तारे, आणि घडी अशी की बोट कापेल. मी पाठीवरचं दप्तर न उतरवता त्याच्यापुढे उभी. आत कुणी नव्हतं त्या गणवेशात, तरी मला वाटत होतं, आत्ता हा वळेल आणि मला विचारेल, नखं कापलीस का. संध्याकाळी बाई येऊन घेऊन गेल्या, खुंटी रिकामी झाली, पण माझ्या डोक्यातून काही तो उतरला नाही.

तेव्हापासून हे असं. चादर बदलता बदलता, पट्टी गुंडाळता गुंडाळता मी आपली मनानं निघून जाते. मोठं थोरलं मैदान असतं, त्यावर पातळ धुकं, लांबून कुठूनतरी बँड... मी पुढे, मागे रांग, सगळ्यांचे पाय एकदम पडतायत, माझ्या खांद्यावर तारे आहेत आणि त्यांचा थोडासा भारही लागतोय. तुम्हाला सांगते, स्वप्नात मात्र सगळं इस्त्रीचं असतं. एक सुरकुती सापडायची नाही. आणि मग खाटेवरून आवाज येतो, 'सिस्टर, हे थर्मामीटर आता काढायचं, की माझ्याबरोबरच न्यायचं?'

असो. तर मी लष्करी नर्स व्हायला अर्ज केला. लेखी झाली, तोंडी झाली. तोंडी परीक्षेत विचारलं, दडपणाखाली काम कराल का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मोठ्यानं सांगा. मी म्हटलं, हो. मधले साहेब खुर्ची ओढून पुढे सरकले, कानामागे हात धरला आणि म्हणाले, शेवटचं विचारतो. तरी घेतलं हो मला! कसं घेतलं ते देव जाणे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, 'तू हुकूम सोडणार? अगं, मांजर तुझ्या ताटातलं खातं आणि तू त्याला म्हणतेस, अजून हवंय का.' दादा म्हणाला, 'शत्रूला फार बरं वाटेल.' वहिनीनं अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि तिथल्या तिथे माझ्या खोलीच्या खिडकीला पडद्याचं माप घेतलं. बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा आनंद झाला तरी बोलत नाहीत आणि वाईट वाटलं तरी बोलत नाहीत. आम्ही इस्त्री कशी फिरते त्यावरून ओळखतो. त्या दिवशी ती एकाच शर्टावर फिरत राहिली, फिरत राहिली... शेवटी तो शर्ट ज्यांचा होता ते गिऱ्हाईक म्हणालं, अहो, मला घालायचाय तो.

तर घोडं कुठे अडलं? कवायतीला. मला वाटलं होतं, नर्स ती नर्स, इंजेक्शन ते इंजेक्शन, खाकी कातडीला काय वेगळं टोचायचं असतं? पण नाही. तिथे तुम्ही नुसती नर्स नाही, तुम्ही अधिकारी. अधिकाऱ्यानं पथक चालवायचं. प्रत्येकीनं चालवून दाखवायचं, आणि जिला जमणार नाही तिनं ट्रंक उचलून घरी जायचं. घरी म्हणजे कुठे, ते सांगा. वॉर्डात माझ्या जागी दुसरी आली होती आणि खिडकीला वहिनीचे पडदे लागले होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कवायतमास्तर राहतात. सगळे त्यांना कवायतकाका म्हणतात. जिना उतरतानाही डाव्या पायानंच सुरुवात करतात असा माणूस. ते म्हणाले, 'पोरी, काळजी सोड, गच्चीवर ये.' गच्चीवर गेले, तर पथक म्हणून आमचंच घर उभं केलेलं. आई, दादा, वहिनी, रांगेत! काका म्हणाले, 'दे हुकूम.' मी श्वास घेतला, छाती भरली, आणि म्हटलं, 'जरा उजवीकडे वळता का... सावकाश... चक्कर नाही ना येत?' आई म्हणाली, 'चक्कर नाही गं, गुडघा तेवढा ठणकतो,' आणि खाली बसली. वहिनी म्हणाली, 'मी डावीकडे वळू का? उजवीकडे ऊन आहे.' काकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, 'सैन्यात जरा नसतं. हुकूम पोटातून यायला हवा. गळ्यातून येतो तो खोकला.' मग रोज संध्याकाळी पोटातून. शेजारच्या मावशी वर येऊन विचारून गेल्या, कुणाचं दुखतंय का. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण काकांनी पिच्छा सोडला नाही, आणि जायच्या आधी माझ्या पोटातून एक 'सावधान' निघालं. लहानसंच, पण निघालं. काकांनी डोळे पुसले. म्हणाले, धूळ गेली.

निघायच्या दिवशी बाबांनी ट्रंक भरून दिली. सगळं इस्त्री केलेलं. साड्या, रुमाल, टॉवेल, एवढंच काय, पायमोज्यांनासुद्धा घडी! मला म्हणाले, 'तिथं तुझी तुलाच करावी लागेल. आधी कॉलर, मग बाह्या. घाई करायची नाही.' बस. एवढंच. मला भरून आलं. मी इतकी वर्षं त्या मैदानाची स्वप्नं बघत होते, पण त्या क्षणी मनात एकच आलं, मी ही ट्रंक घेऊन परत आले, तर ह्या माणसाला काय सांगू?

तिथे गेले, तर सगळ्या माझ्याच जातकुळीच्या. सगळ्या नर्स! पहिल्या दिवशी आमच्या मेजरबाई पुढे उभ्या राहिल्या आणि अशा काही ओरडल्या की झाडावरची पाखरं उडाली. आणि आम्ही? आमच्यातली एकही घाबरली नाही. आम्ही सगळ्या त्यांच्या मानेची शीर बघत होतो. शेजारची मला हळूच म्हणाली, 'प्रेशर बघायला हवं गं ह्यांचं.' पलीकडची म्हणाली, 'मीठ कमी करायला सांगू या.' मागून एकीनं तर विचारलंच, 'मॅडम, कोमट पाणी आणू का गुळण्यांना?' मेजरबाईंनी तिला पाणी आणू दिलं नाही. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि तिच्याबरोबर आम्हालाही.

पण शिकत गेलो हो. पाय आपटायला शिकले. सलाम जमला. पहाटे उठून कॉलर, मग बाह्या, घाई नाही... आणि परीक्षेचा दिवस आला. मैदान तेच, माझं, मनातलं! खरोखरीचं धुकं, पातळ. समोर माझं पथक, सगळ्यांत पुढे आमच्यातली सर्वांत उंच, तिला आम्ही खांब म्हणतो. बाजूला मेजरबाई. मी पोटात हात घातल्यासारखा आवाज काढला, 'पथक, सावधान!' झालं सावधान. 'पथक, पुढे चल!' आणि निघालं! अहो, निघालं की! सगळ्यांचे पाय एकदम पडतायत, धुक्यात पाठी हलतायत, आणि लांब कुठेतरी इस्पितळाच्या बाजूला बँडची तालीम चाललेली... आता सांगा, माझी काय चूक? मी तिथे उभी होते की नव्हते, मला सांगता येणार नाही. मला खांद्यावर भार लागायला लागला. बाबा कडेला उभे दिसले, कडक सदऱ्यात. त्यांच्या शेजारी तो खुंटीवरचा गणवेश उभा, आणि आत आता कुणीतरी होतं. काय सांगू तुम्हाला, स्वप्नात मात्र सगळं इस्त्रीचं असतं...

आणि थांब म्हणायचं राहून गेलं.

पथक थांबतं का हो हुकमाशिवाय? नाही थांबत! शिस्तीच्या पोरी त्या. मैदान संपलं, चालतायत. कडेची फुलझाडं आली, तुडवून चालतायत. पलीकडे इस्पितळाचं धोबीखातं, दोऱ्यांवर ओल्या चादरी वाळत घातलेल्या, तर खांब पहिल्याच चादरीत शिरली, ती चादर तोंडावर घेऊन दुसरीत शिरली, आणि तरी डावा-उजवा, डावा-उजवा! मला जाग आली ती धोब्याच्या बोंबेनं. मी धावले. आता ओरडायचं ना, 'पथक, थांब'? कवायतकाकांनी, मेजरबाईंनी, सगळ्यांनी घोटून घेतलेलं ना? तर तोंडातून काय आलं? 'अहो, जरा थांबता का... पडाल हं!' कोण थांबतंय! साबणाच्या पाण्याच्या गटारीत खांबचा पाय गेला आणि ती चादरीसकट आडवी. मागच्या तिच्यावर पडायला आल्या, दोघीतिघी तिला उचलायला वाकल्या, धोबी दंडाला धरून ओढायला लागला.

आणि मग तुम्हाला सांगते, तो आवाज आला. कुठून आला मला विचारू नका. 'कुणी हात लावायचा नाही! कुणी हलायचं नाही!'

वॉर्डात माणूस पडला की पहिलं वाक्य हेच असतं हो. आधी बघायचं काय मोडलंय, मग उचलायचं. पण ते मी नेहमी कुजबुजून म्हणायची, ह्या वेळी ते मैदानभर झालं. पथक जागच्या जागी. धोबी तिचा दंड सोडून, ओली चादर छातीशी धरून सावधान. तिकडे बँड थांबला. आणि मागून धावत येणाऱ्या मेजरबाई, त्यांचा एक पाय उचललेला होता, तो तसाच वर! मी खांबचा घोटा चाचपला, लचकला होता, मोडला नव्हता. 'तू पट्टी आण. तू पाय उंच धर. तुम्ही दोघी खुर्ची करा हातांची. उचला.' जरा नाही, बरं नाही, हं नाही. सगळं झाल्यावर मेजरबाईंनी पाय खाली ठेवला आणि विचारलं, 'हा आवाज इतके दिवस कुठे होता?'

मी म्हटलं, 'मॅडम, कुणी पडल्याशिवाय येत नाही.'

'मग काय, मी रोज एकीला पाडत जाऊ?'

मला ट्रंक दिसायला लागली. घरचा रस्ता दिसायला लागला, दुकानाची पायरी, आणि इस्त्री हातात धरून वर बघणारे बाबा. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे ऐकेनात. मेजरबाई म्हणाल्या, 'घरी पाठवत नाही. आवाज आहे, तो फक्त वेळेवर यायला हवा. पुन्हा परीक्षा देशील. तोवर रोज कवायतीच्या आधी त्या झाडापुढे उभी राहून थांब म्हणायचं. मी म्हणेपर्यंत.'

ते हे असं चाललंय. धुक्यात मी आणि झाड. 'पथक, थांब!' पानसुद्धा हलत नाही. भटारखान्याच्या खिडकीतून आचारी ओरडतो, 'बाई, थांबलंय हो ते!' खांब काठी टेकत जाताना मला सलाम ठोकते, झाडालाही ठोकते. आणि स्वप्नात? स्वप्नात मात्र सगळं अजून इस्त्रीचं असतं, फक्त हल्ली बाबा कडेनं हळूच खुणावतात, थांब म्हण, थांब म्हण.

काल घरी फोन केला. बाबांनी विचारलं, 'झालीस का गं अधिकारी?' म्हटलं, 'होतेय. सध्या हाताखाली एक झाड दिलंय.' मागे इस्त्री फिरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, 'ऐकतं का तुझं?'

म्हटलं, 'थांब म्हटलं की थांबतं, बाबा. पुढे चल म्हणायची मला अजून परवानगी नाही.'