फेट्यावर हेल्मेट बसत नाही

मी, सौ. हंसा गजानन भोईर, वय ४४ वर्षे, धंदा भाजीविक्री, राहणार चंदनसार, विरार पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, माझा सख्खा धाकटा भाऊ भूपेश हा चांदीप येथे राहतो व कुरिअरचे काम करतो. तो कालपासून दवाखान्यात बेशुद्ध आहे. त्याच्याबाबत भावकीतले लोक जे सांगत फिरत आहेत ते धादांत खोटे आहे, म्हणून मी स्वतःहून आले आहे.

काल चांदीप येथे माझा चुलतभाऊ सुरज याचे लग्न होते. नवरदेव गावदेवीच्या पाया पडायला निघतो तेव्हा भावकीतले पुरुष एकाच रंगाचे फेटे बांधून मोटारसायकलींवर पुढे असतात. देवळासमोर करकचून ब्रेक मारायचा व टायरने रस्त्यावर काळी रेघ ओढायची. ज्याची रेघ लांब, त्याच्या कपाळाला पहिला गुलाल. ही काही वाडवडिलांची रीत नाही. सुरजचा थोरला भाऊ विलास, ज्याचे गॅरेज आहे, त्याने काढलेली ही थेरं आहेत.

भूपेशच्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आहे. म्हणजे ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही, गाडी हातात राहते. मुलगी खुशी मागे बसते म्हणून त्याने मुद्दाम तीच गाडी घेतली. पण चाक जाम होत नाही म्हणजे रेघही उठत नाही. म्हणून विलासने अंगणात सर्वांदेखत एबीएसचा फ्यूज काढून खिशात टाकला. मी म्हणाले, "अरे, ते त्याच्या जिवासाठी आहे." तर म्हणतो, "ताई, तू तुझ्या भाजीचं बघ. दुपारी देतो परत लावून." भूपेश हेल्मेट घेऊन उभा होता. विलासची आई, म्हणजे माझी काकू, हिने ते त्याच्या हातातून काढून घेतले. म्हणाली, "फेट्यावर हेल्मेट बसत नाय रं. फोटोत कसा दिसशील?" सगळे हसले. भूपेशही हसला.

मी मागच्या रिक्षात पूजेचे ताट घेऊन बसले होते. ओढ्यावरच्या मोरीजवळच्या वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो आडवा आला. भूपेशने ब्रेक मारला. चाके जाम झाली, गाडी आडवी होऊन घसरत गेली व त्याचे डोके मोरीच्या कठड्यावर आपटले. तिथपर्यंत रस्त्यावर काळी रेघ आहे. चांगली लांब आहे. साहेबांनी जाऊन पाहावी.

मी फेटा सोडवत होते, तो सुटता सुटत नव्हता. पोरे मोबाईलवर शूटिंग करत होती. डीजे बंद करायला कोणी गेले नाही. मुहूर्त टळू नये म्हणून आम्हाला रिक्षात घालून वरात पुढे गेली. शी! माणसे आहेत का कोण! हे शब्द असेच लिहावेत असे मी सांगितले आहे.

संध्याकाळी विलास दवाखान्यात आला. म्हणाला, "ताई, हेल्मेट होतं, पट्टा तुटून उडालं, असं सांग. विम्याचं अडायला नको. आनि फ्यूजचा विषय काढू नको, लग्नाचं घर हाय." मोरीपाशी एक हेल्मेट नेऊन टाकल्याचेही त्यानेच सांगितले. आपण जप्त करून टेबलावर ठेवले आहे ते हेच. त्याच्या काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नाही. मला त्याची किळस आली. खुशी शेजारी बसून सगळे ऐकत होती.

हे हेल्मेट भूपेशचे नाही. त्याच्या हेल्मेटवर मागच्या बाजूला खुशीने फुलपाखराचे स्टिकर लावले आहे. ते शोधायला मी आज सकाळी चांदीपला गेले. मांडवामागे आचाऱ्याच्या सामानात सापडले. थंड्याच्या बाटल्यांसाठी त्यात बर्फ भरला होता. ते मी सोबत आणून साहेबांसमोर ठेवले आहे. आतला स्पंज अजून ओला आहे.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच बरोबर लिहिला आहे. यातला एकही शब्द नंतर कोणाच्या सांगण्यावरून कमी करू नये.

सही/-
हंसा गजानन भोईर