नमस्कारांनी गाडी भरत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब, व्यासपीठावरील सरपंच सविताताई, सत्कारमूर्ती वैजनाथराव आणि समोर बसलेल्या माझ्या मायबाप गावकऱ्यांनो,

स्टँडवर भजी तळत मोठा झालेला मी माणूस. मला भाषण काय येणार? कढईपाशी उभं राहून कान तेवढे तयार झाले. वैजनाथरावांची मुक्कामी एस.टी. वळणावर यायच्या आधीच आवाजावरून कळायची, आणि मी भज्यांचा घाणा तेलात सोडायचो.

गावानं या ड्रायव्हरला पाळीनं जेवू घातलं. त्यांनी आपल्या गावच्या लेकी पहाटे श्रीरामपूरला कॉलेजात पोचवल्या. आता ते निवृत्त होताहेत, आणि प्रवासी नाहीत म्हणून गाडीही बंद होणार. त्यांनीच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं होतं, "गुरुवारी डेपोत या. गाव आलं तर साहेब ऐकतील."

काय उत्तर आलं? जोडलेले हात! मोबाईल सरकवत होतो, नुसते हातच हात. वाढदिवसाला तेच, दहाव्यालाही तेच. पूर्वी हात जोडायचे तर हातातलं काम खाली ठेवावं लागायचं. आता एका अंगठ्यानं उरकतं. येणार की नाही, हे माणसानं ओळखावं कसं?

गुरुवारी डेपोत कोण होतं? मी, मालनबाई आणि त्यांची नात दिशा. डेपोचे साहेब म्हणाले, "गाव कुठंय?" मालनबाई तडकल्या, "गाव मोबाईलमदी हाय, सायेब. बोलवा भाईर!"

हसताय? दिशाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. गाडी गेली की तिचे वडील तिला घरी बसवणार. समोरच बसलेत. मान खाली घालू नका बजरंगराव, त्या हातांत तुमचेही होते.

काय म्हणतोस कानिफनाथ? "तात्या, नमस्कार टाकला म्हंजी आमचा पाठिंबाच हुता की!" अरे, पाठिंबा सीटवर बसतो का?

आणि हे मागं टिंग वाजलं. बघा, माझं भाषण संपायच्या आत कुणीतरी हात पाठवलेसुद्धा!

साहेबांनी एवढंच कबूल केलंय, उद्याची फेरी भरून आली तर गाडी आणखी महिनाभर ठेवून बघू. ती बाहेर उभी आहे. वैजनाथराव आपली शेवटची फेरी म्हणून घेऊन जातील. पहाटे सहाला मला तिकीट काढलेली माणसं हवीत. बजरंगराव, लेकीच्या शेजारची सीट तुमची.

वैजनाथराव, आमची माणसं सुखरूप आणलीत, गाव तुमचं ऋणी आहे. अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. सत्काराच्या दिवशी आवाज चढला, तेवढं पोटात घाला. आता जेवा, आणि लवकर झोपा.