पाच नवरे, कोरी जागा

मंडळी, ऐका. शोमरोनाच्या विहिरीवर प्रभूला भेटून ती बाई लगबगीनं गावाकडे गेली, तेव्हा तिची घागर मागेच राहिली. आपल्या शास्त्रात, बायबलात, एवढंच आहे. घागर भरलेली होती की रिकामी? लिहिलेलं नाही! मातीची की तांब्याची? नाही लिहिलेलं! पण तुम्ही प्रत्येकानं आत्ता एक घागर डोळ्यांपुढे आणलीत ना? काकू, तुमची तर चिंचेनं घासलेली दिसतेय!

हसा. घागरीचं काही बिघडत नाही. पण जिथं शास्त्र गप्प आहे, तिथं आपण आपल्या पदरचं घातलं आणि त्यावर एका जिवंत बाईचा न्याय केला — तर तो न्याय देवाचा, की आपला?

पेटी थांबू दे, दाऊदराव. गोष्ट सांगते.

नेवाशाच्या बाजूला पिंपळदरा नावाचं गाव. कौलारू चर्च, शेणानं सारवलेलं अंगण. त्या मंडळीची एक रीत होती — सांगताना आजही माझी मान ताठ होते! कुणाविरुद्ध शास्त्र काढायचं, तर एक ओळ फेकून बसायचं नाही. उभं राहायचं आणि अख्खा अध्याय मोठ्यानं वाचायचा.

तिथं केझिया राहायची. पहिला नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी त्याच्याच चुलत भावाशी तिचं लग्न लावलं. तो विहीर खोदताना दरडीखाली गेला. तिचा दोष काय? काही नाही! पण विहिरीवरच्या त्या पाच नवऱ्यांच्या बाईवरून गावानं नाव पाडलं — शोमरोनीण. पाण्याला निघाली की, "चालली बघा शोमरोनीण!" आणि सारखं ऐकून ऐकून तिलाही वाटू लागलं, असेल माझ्यातच काही वाईट.

गावात सदानंद होता. विधुर, सायकलदुरुस्तीचं दुकान. त्यानं तिला मागणी घातली. ती म्हणाली, "बघू." पुढच्या नाताळाला पुन्हा विचारलं. "बघू." शेजारणी म्हणायच्या, "अगं, काय बघतेस? तुझं बघून होईतो त्याच्या डोक्यावरचे केस गेले!"

एका रविवारी उपासना संपली आणि सदानंद उभा राहिला. "पाळकसाहेब, आज मंडळीसमोर विचारतो. केझियाबाई, माझ्याशी लग्न कराल?"

तिनं तोंड उघडायच्या आत दानीएलराव उठले! चर्चच्या कारभारातले वडीलधारे, तिच्या पहिल्या नवऱ्याचे काका. आवाज असा की घंटा वाजवायची गरज नाही.

"हे व्हायचं नाही! आमच्या घरातली दोन माणसं खाल्ली हिनं. आता तिसरा? योहानाचा चौथा अध्याय बघा — पाच नवरे केलेली पापीण! तीच जात हिची!"

आणि बायकांच्या बाजूनं, जिचा आवाज तिथं कुणी ऐकला नव्हता, ती केझिया बोलली —

"मामंजी, रीत आहे. वाचा."

वाचायला काय, दानीएलरावांचा हातखंडा! खणखणीत सुरुवात झाली. प्रभू विहिरीवर बसलाय. दुपारची वेळ. बाई पाण्याला आली.

"बघा!" दानीएलराव थांबले. "भर दुपारी! तोंड लपवत!"

त्यांची थोरली बहीण रूथआत्या पुढेच बसली होती. "तोंड लपवत, असं लिहिलंय? आणि दुपारी विहिरीवर येणं पाप असेल, तर प्रभूही दुपारीच बसलाय की रे तिथं!"

पोरं फिदीफिदी हसली. दानीएलराव पुढे वाचू लागले. आलं ते वाक्य — पाच नवरे होते, आता आहे तो नवरा नाही. ते त्यांनी दोनदा वाचलं. आणि मंडळी, ते आहे! मीही लपवणार नाही. पण पाच कसे गेले? मेले? सोडून गेले? सहाव्याच्या घरी ती का होती? तिथं कोरी जागा आहे.

आता प्रभू रागावेल, म्हणून दानीएलरावांनी आवाज चढवला. प्रभू रागावलाच नाही! तो तिच्याशी उपासनेबद्दल बोलला. मशीहा मीच, हे तिला सांगितलं. दानीएलरावांचं बोट ओळीखालून सावकाश सरकू लागलं. तिच्या शब्दावर गाव बाहेर आलं. शेवटची ओळ आली. अध्याय संपला.

"दानीएल," रूथआत्या म्हणाली, "पाप कुठंय रे? पानं चिकटली का?"

त्यांनी खरंच पान बोटांत चोळून बघितलं. मग मागं उलटून पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. शेवटी चष्मा काढला.

"पापीण हा शब्द इथं नाही. एवढी वर्षं मीच तो म्हणत आलो." मग केझियाकडे वळले. "पोरी, दुसऱ्या नवऱ्याच्या घरी तुला आम्हीच दिलं. तू कुठं मागितलं होतंस? माझा विरोध मी मागं घेतो."

मंडळी, भरल्या चर्चमध्ये, स्वतःच्या तोंडानं! अशा मंडळीचा अभिमान का नसावा? मी शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रयोगाच्या नळीतला रंग पुरता बदलायच्या आत मुली उत्तर ओरडायच्या. मी म्हणायचे — आधी दिसलं ते सांगा, मग वाटलं ते. आज तुम्हालाही तेच विचारते. तुमच्या आळीत कुणाला शोमरोनीण म्हणता? तिचा अध्याय शेवटपर्यंत वाचलात? की एकच ओळ पाठ आहे, आणि मधल्या कोऱ्या जागेतला मजकूर तुमच्या हातचा आहे?

सदानंद अजून उभाच होता. हातात टोपी. केझिया उठली, पदर नीट केला. दानीएलरावांकडे बघितलं, पाळकसाहेबांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बघू बघू म्हणत होते ना, सदानंदराव? आज नीट बघितलं," ती म्हणाली. "करते मी लग्न."