सलीमभाईच्या स्कूटरची मन्नत

मन्नत मागताना माणसानं थोडा पुढचा विचार करावा बाप्पा! आमच्या मोमिनपुऱ्यातल्या सलीमभाईनं केला नाही. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसला होता. शेवटी वैतागून म्हणाला, "या अल्लाह, गाडी मिळू दे, दर जुम्म्याला मशिदीत पायीच जाईन." तेव्हाही तो पायीच जायचा. म्हणजे सौदा एकदम फुकटात!

आणि गाडी खरंच आली. हा धावत मौलानांकडे. "आता तरी गाडीवर बसून येऊ का?"

मौलाना म्हणाले, "अल्लाला शब्द दिला ना? मग पायी या."

पण नवीकोरी गाडी लोकांना दाखवायची तर जुम्म्याचीच गर्दी पाहिजे. मग काय, भाऊ दर शुक्रवारी गाडी ढकलत मशिदीत! लोक मदतीला धावायचे, तर हा ओरडायचा, "हात लावू नका गा, मन्नत आहे!" हळूहळू साऱ्या मोहल्ल्याला माहीत झालं.

एकदा मी त्याच्या मागे बसलो होतो आणि भर उन्हात गाडी बंद पडली. ढकलून ढकलून आम्ही घामाघूम. समोरून ओळखीचा मिस्त्री आला आणि अदबीनं बाजूला सरकून उभा राहिला.

सलीमभाई भडकला. "पाहून काय राहिला? हात लाव ना गा!"

"नाही भाईजान. तुमची मन्नत मोडली तर गुनाह मले लागेल."

"अरे, आज मंगळवार आहे!"

मिस्त्रीनं छातीवर हात ठेवला. "माशाल्लाह! आता मंगळवारची पण मागितली?"