आखूड नखांवर पळस

— नाही, हात असा ताठ नको धरू, सैल सोड, सुई टोचून राहिली नाही मी. मनगट उशीवर टेकव. हं. आखूड आहेत म्हणून काय झालं? आखूड नखांना रंग लागत नाही का? सगळ्या पोरी हेच म्हणत येतात — आंटी, नाखून ही नहीं हैं, क्या करोगी. मला तर आखूडच बरी वाटतात. लांब नखावर काहीही काढा, लोकांना नखच दिसते. आखूड नखावर काढलेलं फूल दिसते. दवाखान्यात आहेस म्हणालीस ना, नर्स — मग वाढवूच देत नसतील. ड्यूटीवर रंगही चालत नसेल. लग्नापुरती सुट्टी काढली असशील, बरं. एक लक्षात ठेव, आखूड नखाला या काठापासून त्या काठापर्यंत रंग फासायचा नाही. दोन्ही बाजूंनी दोऱ्याएवढी जागा सोडायची, मग नख निमुळतं दिसते. खाली फिका हात द्यायचा — केशर घातलेल्या दुधासारखा — आणि वर जे काय करायचं ते एका नाहीतर दोन बोटांवर. दहाही बोटांवर बगिचा लावला की वरातीच्या घोडीसारखं दिसते. मी तोंडावर सांगते, गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं.

फाल्गुन सुरू आहे, तर सध्या झाडाला जे आहे तेच काढून राहिली मी. आंब्याचा मोहर — फिक्या पिवळ्यावर टाचणीच्या डोक्यानं हिरवट ठिपके, गर्दी करायची नाही, वरून खाली विरळ होत आले पाहिजेत. कडुनिंबाची नवी पालवी — ती हिरवी नसते, तांबूस असते, कोणी नीट पाहतच नाही — तिची एकच बारीक काडी, नखाच्या मुळापासून तिरपी. आणि पळस. पळस कठीण आहे. त्याची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, भगवा रंग, आणि देठाशी काळं मखमली टोपण. ते काळं चुकलं की मिरची दिसते. हसली, चला. हसत जा, हात आपोआप सैल होतो. हे मी नाही म्हणत, मोनाली म्हणायची. सगळं तिचंच आहे, ही खोली, हे दिवे, या बाटल्या. मी चौथी शिकलेली बाई, मी भुवया कोरायची आणि मेंदी काढायची, बस. तिनं मोबाईलवर पाहून पाहून नखांचं शिकलं आणि मग मला धरून बसवलं — आई, तुझा हात मेंदीचा आहे, तुला जमते.

तू विचारलं नाहीस, मोनाली कोण.

सगळे विचारतात. नवं गिऱ्हाईक असलं की मी तिचं नाव घेतेच, जीभ राहत नाही, आणि ते विचारतात, मग मी सांगते, माझी मुलगी, मग ते म्हणतात, कुठं असते ती. तू नाही विचारलंस. तू खाली पाहिलंस. काहून विचारशील — तुला माहीत आहे ना, सुखदा.

बस, बस, उठू नको, रंग ओला आहे, लडबडशील. फोनवर पूजा म्हणून नाव सांगितलंस, मी म्हटलं चलो, पूजा तर पूजा. धनेशरावांच्या मोबाईलमध्ये फोटो पाहिला आहे मी तुझा. त्यांनी दाखवला नाही. ते तिथं दिवाणावर मोबाईल ठेवून पाणी प्यायला आत गेले, तुझा फोन आला, आणि वर तुझा चेहरा आला. मी पुरता पाहून घेतला. जावई आहेत ते माझे, अजून आहेत, मुलगी गेली म्हणून जावईपण जात नाही. चांगले आहेत. सिविल लाइंसला ऑफिस, दीक्षितपुऱ्यात घर, दारू नाही, आवाज नाही. मोनालीला ताप आला, तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर झोपायचे. मी काही त्यांच्या लग्नाच्या आड येणारी बाई नाही, असं कोणी म्हणालं असेल तर त्याला माझ्यासमोर आण. माणूस जवान आहे, त्यानं काय करावं मग? करा लग्न. तुझ्याशी करो, आणखी कोणाशी करो. हिंदीत बोल तू, तुझी मराठी अडखळते, मला दोन्ही चालतात.

पण तू नखं करायला आली नाहीस. तू माझ्या नातीला, रेवाला पाहायला आलीस.

हळू बोल, झोपली आहे आत. केजीतून आली, जेवली, झोपली. लग्न झालं की तिला घेऊन जायचं ठरलं आहे, मला ठाऊक आहे, विहीणबाईंनी कळवलं, आता तिला आई मिळेल म्हणे. मी फोन ठेवून दिला. पोरगी माझ्याजवळ वाढून राहिली, मोनाली होती तेव्हाही इथंच असायची — ती सकाळी हिला घेऊन यायची, दिवसभर गिऱ्हाईक करायची, संध्याकाळी धनेशराव दोघींना घ्यायला यायचे. हिला झोळीत इथंच टांगायची. नेलपेंटच्या वासात वाढलेली पोर आहे. तिकडं नेऊन काय करशील, सांग? नखं खाते ती. तुला माहीत आहे? मुळापर्यंत खाते, रक्त निघेपर्यंत. मी कारल्याचा रस लावला, कडुनिंब लावला, तो चाटून टाकते. शेवटी तिच्या नखांवर मी फुलं काढली, एवढ्या-एवढ्याशा नखांवर, तांदळाच्या दाण्यावर काढावीत तशी. म्हटलं, फूल कोणी खाते का गं. ते खात नाही ती. ज्या बोटावर फूल आहे ते सोडते, दुसरं खाते. कोणत्या दिवशी जास्त खाते तेही मला माहीत आहे. पण ते तुला सांगायचं नाही.

दुसरा हात दे.

काय आहे पर्समध्ये? पाहू. अच्छा. टाक. मोनालीच्या नावाचा, करूनही झाला. विहीणबाईंनी केला ना? चांदीचा आहे. माझ्या हातात काहून देतेस, मला पाहायचा नव्हता. एवढासा पत्रा, त्यावर बाईसारखं काहीतरी ठोकलेलं, ना नाक ना डोळे. ही माझी मोनाली होय? तुझ्या आईनं तरी समजावून सांगितलं का तुला, की नुसतं गळ्यात घाल म्हणाले? दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी त्याला दाखवायचं, हळदीकुंकू आधी त्याला, सणाचा घास आधी त्याला. मग पहिली शांत राहते. तिला त्या घरात जागा मिळाली म्हणजे ती इकडं-तिकडं फिरत नाही. असं असते ते. आणि मला आता हात लावायला सांगून राहिलीस, की तिच्या आईचा हात लागला म्हणजे झालं. नाही लावत. तिला शांत काहून करता तुम्ही? तिनं कोणाला त्रास दिला? ती तर नखं करायला येते फक्त.

आता बोलून गेले. जाऊ दे, नर्स आहेस, तू रोज मरणारी माणसं पाहते, तुला सांगायला काय हरकत. ती येते. दुपारची येते. गिऱ्हाईक नसते, मी आत भांडी घासून राहते, आणि रेवाचा आवाज येतो. एकदा पडद्याआडून पाहिलं मी — रेवा या खुर्चीवर बसलेली, तू बसलीस तिथंच, दोन्ही हात या उशीवर पसरून ठेवलेले, बोटं अशी फाकवून, जशी ओली नखं ठेवतो आपण. आणि या माझ्या स्टुलावर कोणी नाही. रेवा म्हणते, आई, गुदगुल्या नको करू. आणि हसते. मग दुसरा हात पुढं करते, जसा तू आत्ता केला. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी पुढं गेले नाही. पुढं गेलं तर ती जाईल ना. मी तिथंच खाली बसले, फरशीवर, आणि ऐकत राहिले. स्टुलावरचं कापड मी सकाळी ओढून ताठ करते, नंतर पाहिलं तर चुरगळलेलं. तू मांजर म्हणशील. आमच्या कांचघर मोहल्ल्यात मांजरी खूप आहेत, म्हण.

मग मी रेवाला विचारायची, काय म्हणाली आई? लहान पोर, सांगायची — आई म्हणाली, आजीला म्हण जेवून घे. खरंच त्या दिवशी मी जेवले नव्हते. पोरीला काय माहीत मी जेवले की नाही? मोनालीला माहीत असते, ती नेहमी माझ्या ताटात डोकावायची. मग मी जेवले. तेव्हापासून ती येऊन गेली की मी विचारते. आजीला म्हण, गोळी घे. आजीला म्हण, रडू नको. माझ्यासाठी निरोप ठेवते, पण माझ्यासमोर येत नाही. रोज वाट पाहते मी. भांडी मुद्दाम उशिरा घासते, की दोघींना एकांत मिळावा. कधी पोरगी नुसती चित्रं काढत बसते, तर मीच म्हणते — जा ना, बस ना खुर्चीवर, आई येईल. आणि ती येऊन गेली ना, त्या दिवशी रेवा जास्त नखं कुरतडते. आईची आठवण अजून ताजी होते, म्हणून. दुसरं काय असणार?

म्हणून म्हणते, टाक इथं ठेव आणि पोरगीही इथं ठेव. धनेशरावांना तू सांग, तुझं ऐकतील ते. नवं लग्न आहे, तुम्हाला तुमचं होईल एखादं. मोनाली पोरीसाठी येते, कळून राहिलं का तुला? पोरगी दीक्षितपुऱ्यात गेली की ती इथं काहून येईल? माझ्यासाठी? माझ्यासाठी यायचं असतं तर मी अंगणात इतक्या दुपारी एकटी बसले, तेव्हा आली असती. तुम्ही एक पोरगी नेऊन राहिला नाहीत. दोघी नेऊन राहिलात.

काय?

काय म्हणालीस, पुन्हा बोल. रविवारी? बगिच्यात तर धनेशराव नेतात तिला — तू पण होतीस? अच्छा. मला कोणी सांगितलं नाही. झोक्यावर. हं. तिनं स्वतःहून सांगितलं? तू विचारलं असशील, खोदून खोदून. नाही? तिच्या बोटाला रक्त होतं, तू पट्टी लावून राहिली होती, आणि ती म्हणाली — काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांग.

"आई आती नहीं है. मैं ऐसे ही बोलती हूँ. फिर आजी खाना खा लेती है."

अजून काय. सांग ना, आता थांबू नको. भीती वाटते म्हणाली? रिकाम्या स्टुलाची. तरी बसते. आजी म्हणते बस, म्हणून बसते.

खोटं आहे. धनेशरावांनी शिकवून पाठवलं तुला. पाच वर्षांचं लेकरू इतकं — नाही. थांब. तू बोलू नको थोडा वेळ. घे, पूस, त्या अंगठ्याचा रंग काठाबाहेर गेला.

आजीला म्हण, रडू नको. मी म्हटलं, मोनालीचीच बोलण्याची तऱ्हा. तिचीच असणार ना, पोर तिचीच आहे. मी पडद्याआड बसून ऐकायची आणि ती मला ऐकवायची. रिकाम्या स्टुलाकडं पाहून हसायची, आणि मग कोपऱ्यात जाऊन बोटं खायची. आणि मी फुलं काढत बसले त्यावर.

मग कापड कोण चुरगाळत होतं? तू नर्स आहेस, सांग.  

टाक उचल. आण इकडं. हा लावला हात, झालं? घाल गळ्यात, लाजू नको, लुगडं दाखव, पहिला घास दे, जे करायचं ते नीट कर, उरकल्यासारखं करू नको. रेवाचे कपडे त्या निळ्या पिशवीत आहेत, विहीणबाईंचा फोन आला त्याच दिवशी भरून ठेवले होते, नंतर पुन्हा काढले, पुन्हा भरले. लग्नापर्यंत थांबायची गरज नाही. धनेशरावांना बोलाव, आजच न्या. झोपेतच उचला तिला, उठली तर ती माझ्याकडं पाहील, आणि मग मला जेवू घालायला काहीतरी बोलेल. तिला सांग, आजी जेवते. रोज जेवते, पोटभर जेवते. सांगशील? तिला बोलायची गरज नाही आता, काहीच.

पैसे पर्समध्ये ठेव. नखं वाळली आहेत, पळस राहून गेला, आज नाही होत. ऊठ. खुर्ची रिकामी कर. पोरगी नाही, टाकही नाही, आता मोनाली माझ्यासाठी येते का, ते पाहायचं आहे मला. एकटीला पाहू दे. जा तू.